शस्त्रक्रियागृहाशेजारची प्रयोगशाळा

शल्यविशारद व्हायला आलेल्या तरुण डॉक्टरला एकच ध्यास असतो, जास्तीत जास्त शस्त्रक्रिया करायला मिळाव्यात. अशा तरुणाला 'आता एक-दोन वर्षे चाकू बाजूला ठेव आणि प्रयोगशाळेत जा' असे सांगितले, तर तो खट्टू होणारच. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ओवेन वँगनस्टीन आपल्या निवासी डॉक्टरांना नेमके हेच सांगत. १९३० ते १९६७ एवढा प्रदीर्घ काळ ते तिथे शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख होते.

या आग्रहामागे स्वानुभव होता. आतड्यात अडथळा आलेले रुग्ण त्या काळी मोठ्या संख्येने दगावत. पोट फुगते कशाने, याचा वँगनस्टीन यांनी प्रयोगांनी छडा लावला. ती बहुतांशी गिळलेली हवा होती! मग नाकातून नळी घालून हवा आणि साचलेला द्रव ओढून घेण्याचा उपाय त्यांनी रूढ केला. ती नळी आजही रुग्णालयांत दिसते.

आपल्या निवासी डॉक्टरांना ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मॉरिस व्हिशर यांच्याकडे धाडत. वॉल्टन लिलेहाय यांनी याच वाटेने १९५१ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत मॉर्ली कोहेन आणि हर्बर्ट वॉर्डन हे प्रशिक्षणार्थी एका प्रश्नामागे लागले: हृदय उघडले असताना शरीराला किती रक्त पुरते? समजुतीपेक्षा बरेच कमी, असे कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले.

त्या बळावर २६ मार्च १९५४ रोजी लिलेहाय यांनी एका वर्षाच्या बाळाचे रक्ताभिसरण वडिलांच्या अभिसरणाला जोडून त्याच्या हृदयातले छिद्र बुजवले. बाळ अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेले. तरीही काम थांबले नाही. या पद्धतीने ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या, २८ जण घरी गेले. पण यात रक्त पुरवणाऱ्या धडधाकट माणसाचाही जीव टांगणीला लागे. रिचर्ड डीवॉल या तरुण डॉक्टरने त्याच प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या नळ्यांतून रक्ताला प्राणवायू देणारे साधे यंत्र बनवले. मे १९५५ पासून ते वापरात आले.

हृदयारोपणाचा पाया घालणारे नॉर्मन शमवे आणि ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसावर पहिले मानवी हृदयारोपण करणारे ख्रिस्तियान बार्नार्ड, दोघेही याच मिनेसोटाचे विद्यार्थी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण त्यामागेही प्रयोगशाळेतील वर्षांची मेहनत होती.

आपल्याकडे निवासी डॉक्टरांच्या मागे रुग्णांची रीघ असते. प्रबंध मग अनेकदा पदवीपुरता उरकायचा सोपस्कार होतो. त्यात दोष त्या मुलांचा नाही. 'असे का होते?' हा प्रश्न त्यांनाही पडतो. त्याच्या मागे जायला त्यांना सवड आणि पाठीशी उभा राहणारा विभागप्रमुख मिळायला हवा. त्याचा लाभ शेवटी तुम्हाआम्हालाच होणार आहे.