रक्तशर्करेचे सतत मापन : अचूकतेच्या कसोटीचा इतिहास

मापनयंत्राची अचूकता ठरविताना त्याची चूक किती, एवढेच सामान्यतः पाहिले जाते. मधुमेहाच्या बाबतीत हा निकष अपुरा आहे. कारण येथे यंत्राने दाखविलेल्या आकड्यावरून रोगी इन्सुलिनची मात्रा ठरवितो आणि चुकलेली मात्रा प्राणावर बेतू शकते.

सतत मापनाची मूळ कल्पना १९६२ मधील होय. लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स या अमेरिकन संशोधकांनी ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने शर्करा मोजणारे विद्युदग्र सुचविले. त्यांच्या दृष्टीपुढे शस्त्रक्रियागृहातील रोगी होता.

अचूकतेच्या विचारास खरे वळण मिळाले ते १९८७ मध्ये. व्हर्जिनिया विद्यापीठातील विल्यम क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बोटातील रक्त घरी तपासणाऱ्या यंत्रांसाठी, चुकांचा आलेख पाच विभागांत मांडला. विभागणीचे तत्त्व असे की, चूक तिच्या परिणामावरून तोलावी. शर्करा २५० मिलिग्रॅम असता यंत्राने २८० दाखविली, तर उपचारात फारसा फरक पडत नाही. ती ५५ असता ८५ दाखविली, तर चूक तेवढ्याच ३० मिलिग्रॅमची. परंतु धोक्यात असलेला रोगी निश्चिंत राहतो.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सतत मापनाच्या पहिल्या यंत्रास मान्यता दिली. तीन दिवसांची ही नोंद रोग्यास त्या वेळी दिसत नसे. वैद्य ती मागाहून तपासीत. पुढे आकडे रोग्यास तत्काळ दिसू लागले, तरी मात्रा ठरविण्यापूर्वी बोटातील रक्ताची खात्री आवश्यक मानली जाई. हा संवेदक रक्तात नसून त्वचेखालील ऊतकद्रवात असतो. त्यामुळे शर्करा वेगाने बदलत असता त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. पॅरासिटामॉलसारख्या औषधानेही काही संवेदकांचा आकडा खोटाच वाढत असे.

यंत्राचा आकडा आणि रक्तातील शर्करा यांच्यातील शेकडा तफावतीची सरासरी हे पुढे अचूकतेचे रूढ माप झाले. ही तफावत सुधारत गेल्यावर, डिसेंबर २०१६ मध्ये, डेक्सकॉम जी-५ या यंत्राच्या आकड्यावरून थेट मात्रा ठरविण्यास त्याच प्रशासनाने अनुमती दिली. परंतु एकच सरासरी चांगली असून भागत नाही. उच्च पातळीवरील अचूकता नीच पातळीवरील दोष झाकू शकते. म्हणून २०१८ मध्ये घातलेल्या अटींत निरनिराळ्या पातळ्यांसाठी निरनिराळ्या मर्यादा आल्या. ७० मिलिग्रॅमखालील आकड्यांपैकी शेकडा ८५ हून अधिक आकडे खऱ्या मूल्याच्या १५ मिलिग्रॅमच्या आत असलेच पाहिजेत, ही त्यांतील एक अट. १९८७ चा विचार येथे नियमाच्या रूपाने अवतरला, असे म्हणावयास हरकत नाही.

लक्षणे व यंत्राचा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर बोटातील रक्त तपासावे, असा इशारा आजही या यंत्रांसोबत दिला जातो. कंप व घाम ही शरीराची साक्ष अद्याप निरर्थक ठरलेली नाही, हेच त्यावरून दिसते.