हाती नारळ

अमेरिकेतली गोष्ट आहे. 'टीडी अमेरिट्रेड' या ऑनलाइन शेअरदलाल कंपनीच्या सुमारे ६३ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. फक्त कंपनीलाच दिलेल्या ईमेल पत्त्यांवर फालतू शेअर खपवणारी पत्रे येऊ लागली, तेव्हाच काहींना संशय आला होता.

सर्वांच्या वतीने सामूहिक दावा झाला. पहिल्या तडजोडीत ग्राहकांना मिळणार काय? तर असली पत्रे अडवणारे सॉफ्टवेअर, तेही वर्षभरापुरते! एका फिर्यादीनेच विरोध केला, आणि न्यायमूर्ती वॉन वॉकर यांनी २००९ मध्ये ती तडजोड फेटाळली. २०११ च्या तडजोडीत, ज्यांच्या नावाचा गैरवापर झाला त्यांना ५० ते २५०० डॉलर ठरले.

कोर्टाची पायरी न चढलेल्या लाखोंसाठी कुणीतरी कागद नीट वाचावा लागतो, एवढेच मला यातून दिसते.