रुंद टायरसाठी धातूच्या मडगार्डची पुनर्घडण

पावसाळी शहरांत वर्षभर सायकलने कामावर जाणाऱ्यांना मडगार्ड ही चैन वाटत नाही. मात्र अलीकडे रुंद टायरांचा प्रघात वाढल्याने आधीच बसवलेले, अनेकदा महागडे अ‍ॅल्युमिनियमचे मडगार्ड अपुरे ठरू लागले आहेत. ते वाकवून जमवता येतात का, याचे उत्तर ‘काही अंशी’ असेच द्यावे लागते.

अडचण भूमितीची आहे. ७०० सी चाकाच्या रिमवर टायरची कड जिथे बसते, तिथला व्यास ६२२ मि.मी. असतो. ३२ मि.मी.च्या टायरसह चाकाची त्रिज्या सुमारे ३४३ मि.मी. भरते, ३८ मि.मी.च्या टायरसह ३४९. म्हणजेच मडगार्डची रुंदीही वाढायला हवी आणि त्याची कमानही मोठी व्हायला हवी. पत्र्याचा स्वभाव नेमका याविरुद्ध आहे. काठ बाहेर फाकवले की कमान आवळते आणि काठ आत दाबले की ती उघडते. कमानीचा माथा काठांपेक्षा लांब असतो आणि पत्रा ताणल्याशिवाय हा फरक मिटत नाही. काठ माथ्याच्या पातळीकडे सरकले की तोच फरक सामावण्यासाठी कमानीला अधिक वळावे लागते. हौशी कारागीर बहुधा इथेच फसतो. रुंदी मिळते खरी, पण मडगार्डची टोके टायरला टेकतात.

काठांवर हलक्या हातोडीने ठोके देऊन पत्रा लांबवला तर कमान उघडते. परंतु बऱ्याच मडगार्डचे काठ आत वळवलेले असतात, त्यामुळे हे काम कुशल हातांचेच. घरी करण्याजोगा मार्ग सौम्य आहे: गोलसर लाकडावर मडगार्ड ठेवून अंगठ्यांनी थोडे थोडे, संपूर्ण लांबीभर फाकवत जावे आणि दर वेळी चाकावर धरून पाहावे. एकाच जागी वारंवार वाकवल्यास अ‍ॅल्युमिनियम कठीण होऊन तडकते. स्टेनलेस पोलाद तर दाब सुटताच बरेचसे पूर्ववत होते.

खरी कोंडी पुष्कळदा पुढच्या चिमट्याच्या दोन नळ्यांमध्ये किंवा मागे साखळीलगतच्या नळ्यांपाशी असते. तिथे रुंदी मुळीच वाढवता येत नाही. उलट मडगार्डच्या बाजू तेवढ्याच भागात आत दाबाव्या लागतात. उरलेले काम आधाराच्या सळ्या लांब करून आणि जोडणीत जाड वॉशर घालून साधते.

रुंदीबाबत प्रचलित ठोकताळा असा, की मडगार्ड टायरपेक्षा किमान १५ मि.मी. रुंद असावे. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. रिम रुंद असेल तर टायर प्रत्यक्षात अधिक फुगतो. हवा पूर्ण भरून व्हर्नियरने मोजणे उत्तम. या हिशेबाने ४५ मि.मी.च्या मडगार्डखाली ३८ मि.मी.चा टायर दडपणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे. तिथे नवे मडगार्डच घ्यावे.

हा आग्रह केवळ नेटकेपणासाठी नाही. पुढच्या चाकात अडकलेली काडी किंवा खडा मडगार्ड आत ओढून चाक जागीच थांबवू शकतो आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पुढच्या सळ्यांना झटका बसताच सुटणारे प्लास्टिकचे खटके लावलेले बरे.

बसवताना मडगार्ड ओढूनताणून स्क्रूशी जुळवू नये. ते मोकळे ठेवल्यावर जिथे येते, तिथेच छिद्र पाडावे आणि मध्ये रबर वा चामड्याचे वॉशर घालावे. ताण राहिला तर भेग त्या छिद्रापासूनच सुरू होते. पहिल्या काही आठवड्यांत तिथे बारकाईने पाहत राहावे.