फास्ट

(स्त्री.; विशेषण म्हणूनही) मोजक्याच स्थानकांवर थांबणारी लोकल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ‘गाडी’ हा शब्द गृहीत धरून बोलतात, म्हणून स्त्रीलिंग: ‘फास्ट गेली’, ‘आज फास्ट लेट आहे’. वेग इथे दुय्यम, थांबे गाळणे महत्त्वाचे. मुंबईकडे जाणारी फास्ट ठाकुर्ली, कोपर सोडते. कल्याणच्या पलीकडे, कसारा किंवा कर्जतच्या दिशेने, तीच गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते. तरी तिला स्लो कोणी म्हणत नाही.

अनेक दशके फास्ट दिव्यानंतर पारसिकच्या बोगद्यात शिरत असे. सुमारे १.३ किलोमीटरचा हा बोगदा १९१६चा. १८५४चा मूळ मार्ग मात्र डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाणारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि फास्ट मुंब्रा-कळव्यावरून धावू लागली. थांबते मात्र क्वचितच. पूर्वी न दिसणारी गाडी आता बहुतेक वेळा डोळ्यांदेखत निघून जाते, हाच तिथल्या प्रवाशांच्या पदरी पडलेला मुख्य बदल.

व्युत्पत्ती : जुन्या इंग्रजीत अर्थ ‘घट्ट, पक्का’; जर्मन ‘फेस्ट’ त्याच कुळातला. धुतल्यावर न जाणारा तो फास्ट कलर. नियम घट्ट पाळणे यावरून उपवास, आणि तो मोडणारा तो ब्रेकफास्ट. क्रियाविशेषण म्हणून ‘घट्ट’चे ‘नेटाने’ झाले, नेटाने धावण्यातून ‘वेगाने’ आले. सकाळच्या गर्दीत डब्याच्या मधोमध सापडलेल्याला जुना अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

डोंबिवली फास्ट : डोंबिवलीहूनच सुटणारी फास्ट. रिकामी लागते, म्हणून बसायला मिळण्याची आशा. कर्जत-कसाऱ्याची फास्ट येते तेव्हा दारातच माणसे लटकलेली असतात. याच नावाचा निशिकांत कामत दिग्दर्शित चित्रपट २००५ मध्ये आला. त्यात संदीप कुलकर्णी यांनी रंगवलेला माधव आपटे हा रोज लोकलने जाणारा बँक कर्मचारी. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कामतांनीच २००७ मध्ये तो तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ या नावाने केला. नावातून डोंबिवली गेली, फास्टही गेली.