फोन सुरू होताना सगळ्यात पहिला कोड कोणता चालतो? बूट रॉम आणि सिक्युअर प्रोसेसर, सोप्या भाषेत

फोन रीस्टार्ट केला की पहिल्यांदा फिंगरप्रिंट किंवा फेस अनलॉक चालत नाही, पिनच टाकावा लागतो. हे तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल. बऱ्याच जणांना ती कंपनीची उगाच कटकट वाटते. खरं कारण वेगळं आहे. रीस्टार्टनंतर तुमच्या डेटाची किल्ली फोनच्या मेमरीत नसतेच. ती नव्याने तयार करायला पिन लागतो, आणि हे काम फोनमधला एक छोटा, वेगळा प्रोसेसर करतो. तो स्वतःही नुकताच शून्यातून उठलेला असतो. तो नेमका कसा उठतो आणि त्यात चूक राहिली तर काय होतं, ते आज पाहूया. जुना फोन विकत घेणाऱ्यांनी आणि कस्टम रॉम टाकणाऱ्यांनी तर हे वाचाच.

फोनच्या आत आणखी एक कॉम्प्युटर

अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयफोन ५एस आणला. त्यातल्या ए७ चिपमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा स्वतंत्र प्रोसेसर होता. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ मध्ये टायटन एम ही वेगळी चिपच बसवली. बाकी बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ट्रस्टझोन असतो. तिथे प्रोसेसर एकच, पण त्याचे दोन कप्पे. एका कप्प्यात अँड्रॉइड चालतं आणि दुसऱ्यात किल्ल्या सांभाळणारं छोटं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडला त्या दुसऱ्या कप्प्यात डोकावता येत नाही.

याची गरज काय? जरा हिशोब करू. ४ आकडी पिनच्या शक्यता १०,०००. आयफोनमध्ये एक पिन तपासायला साधारण ८० मिलीसेकंद लागतील अशी मुद्दाम रचना केलेली आहे. म्हणजे कुणी न थांबता सगळे पिन टाकत गेला तर ८०० सेकंदांत, जेमतेम १३ मिनिटांत खेळ खल्लास! ६ आकडी पिनच्या शक्यता १० लाख, त्याला २२ तासांच्या आसपास लागतील. एवढा वेळ तर कुठलाही चोर काढेल.

म्हणून मोजणारा कुणीतरी हवा. काही वेळा चुकलात की तो म्हणतो, आता थांबा. आणखी चुकलात की आणखी जास्त थांबा. आयफोनवर हे काम सिक्युअर एन्क्लेव्ह करतो. आता एक चलाख प्रश्न: वाट पाहायला सांगितली की फोन बंद करून चालू केला तर? फायदा नाही. तेवढ्या टप्प्याचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रीस्टार्ट ही पळवाट ठरू नये, हे सुरुवातीपासून ठरवूनच बनवावं लागतं.

चोराने मेमरी चिप काढून दुसरीकडे लावली तरी उपयोग नाही. डेटाची किल्ली पिन आणि चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक गुप्त आकडा, या दोन्ही मिळून बनते. तो आकडा सिक्युअर एन्क्लेव्हच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही, फक्त वापरता येतो.

करंट आल्यावर पहिल्या क्षणी

आपण अ‍ॅप बनवतो तेव्हा बरंच काही गृहीत धरतो. व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतील, फंक्शनमधून परत येता येईल, मेमरी तयार असेल. करंट आल्या आल्या यातलं काहीच नसतं. रॅममध्ये काहीही कचरा असू शकतो. प्रोसेसरला एवढंच ठाऊक असतं की अमुक पत्त्यावर जायचं आणि तिथे लिहिलेली पहिली सूचना पाळायची. त्या पत्त्याला रीसेट व्हेक्टर म्हणतात.

तिथे बसलेला कोड म्हणजे स्टार्टअप कोड. सी भाषेतला प्रोग्रामसुद्धा याच्याशिवाय चालू शकत नाही, म्हणून हा भाग सहसा असेम्ब्लीत लिहितात. तो आधी इंटरप्ट बंद करतो, म्हणजे मध्येच कुणी दार वाजवू नये. मग स्टॅक कुठे असेल ते सांगतो. ज्या व्हेरिएबलची सुरुवात शून्याने व्हायला हवी तो मेमरीचा पट्टा शून्य करतो, ज्यांना ठरलेली किंमत हवी त्यांची किंमत रॉममधून रॅममध्ये आणतो. मग मेन नावाच्या फंक्शनवर उडी. कामं साधीच आहेत. वॉशिंग मशीनमधली चिपही हेच करते.

सिक्युअर प्रोसेसरमध्ये हीच कामं होतात, पण संशय घेत घेत. ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर ओपनटायटन हा प्रकल्प उत्तम. २०१९ मध्ये गूगल आणि लोरिस्क यांनी इतरांसोबत तो जाहीर केला, आणि त्याचा कोड गिटहबवर कुणालाही वाचता येतो. बाकीच्या कंपन्यांचे असे कोड सहसा बंद कुलपात असतात, त्यामुळे शिकणाऱ्यांसाठी ही चंगळच आहे.

ओपनटायटनमध्ये प्रोसेसरला पहिली सूचना वाचू देण्याआधीच हार्डवेअर रॉमचा हॅश काढतं आणि जुळवून बघतं. जुळला नाही तर प्रोसेसर जागाच होत नाही. जुळला तर स्टार्टअप कोड सुरू होतो. तो रॅममध्ये नुसते शून्य भरून थांबत नाही. रॅमला नवी किल्ली लावतो आणि ती आधी विस्कळीत आकड्यांनी भरून टाकतो, म्हणजे मागच्या वेळचं काही उरलं असेल तर ते गेलं. मेमरीच्या कुठल्या भागातून कोड चालेल आणि कुठल्या भागात फक्त डेटा राहील, हेही ठरवून टाकतो.

आयफोनमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह मुख्य रॅमचाच एक तुकडा वापरतो, पण प्रत्येक वेळी सुरू होताना नवी तात्पुरती किल्ली बनवून तो तुकडा एन्क्रिप्ट केला जातो. फोन बंद झाला की ती किल्ली गेली. मागे उरतो तो निव्वळ कचरा.

‘खरं’ म्हणजे १ नव्हे

ओपनटायटनच्या कोडमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. साध्या प्रोग्राममध्ये ‘सही बरोबर आहे का?’ याचं उत्तर १ किंवा ० असतं. फरक फक्त एका बिटचा.

आता हल्लेखोर काय करतो? तो पासवर्ड तोडत बसत नाही. नेमक्या त्या क्षणी चिपचा व्होल्टेज किंचित पाडतो, किंवा जवळून चुंबकीय झटका देतो. प्रोसेसर क्षणभर गोंधळतो आणि एखादी सूचना गाळतो किंवा ० चा १ होतो. याला ग्लिचिंग म्हणतात. हे सिनेमातलं नाही, बाजारात मिळणाऱ्या साधनांनी प्रयोगशाळांमध्ये सर्रास केलं जातं.

म्हणून ओपनटायटनमध्ये ‘खरं’ म्हणजे १११००१११००१ आणि ‘खोटं’ म्हणजे ००१११०१०१००. दोन्ही एकाखाली एक लिहून बघा, ११ पैकी ८ जागी फरक आहे. एक-दोन बिट उलटले तर जे तयार होईल ते ना खरं, ना खोटं. अशी तिसरीच किंमत दिसली की कोड समजतो की कुणीतरी छेडछाड करतंय, आणि चिप थांबते. महत्त्वाची तुलना एकदा करून भागत नाही, पुन्हा करून बघितली जाते. साधा प्रोग्रामर हे पाहून म्हणेल, एकच गोष्ट दोनदा कशाला तपासता? इथे तेच बरोबर आहे.

एकाने दुसऱ्याची ओळख पटवायची

स्टार्टअप कोड ज्या रॉममध्ये असतो तो चिप बनतानाच तिच्यात पक्का होतो. त्याला बूट रॉम म्हणतात. तो पुढच्या सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासतो, ते सॉफ्टवेअर त्याच्या पुढच्याची, असं करत करत शेवटी आयओएस किंवा अँड्रॉइड येतं.

आयफोनमध्ये अशा दोन वेगळ्या साखळ्या आहेत. मुख्य प्रोसेसरचा बूट रॉम वेगळा, सिक्युअर एन्क्लेव्हचा वेगळा. सिक्युअर एन्क्लेव्हचं सॉफ्टवेअर मुख्य प्रोसेसरच आणून देतो, पण सिक्युअर एन्क्लेव्ह त्याच्या शब्दावर विसंबत नाही. आधी ते स्वतःच्या सुरक्षित मेमरीत कॉपी करून घेतो आणि मग सही तपासतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तपासून नंतर कॉपी केलं तर मधल्या वेळात कुणीतरी माल बदलू शकतो. सही चुकली तर चिप पुन्हा रीसेट होईपर्यंत सिक्युअर एन्क्लेव्ह वापरताच येत नाही.

या साखळीत पहिल्या कडीला तपासणारा कोणताही कोड नाही. तिच्यावर आपण नुसता विश्वास ठेवतो. आणि ती कायमची असल्यामुळे तिच्यातली चूकही कायमची.

चेकमेट: अपडेटने न सुटणारी चूक

२७ सप्टेंबर २०१९ रोजी अ‍ॅक्सिऑमएक्स या टोपणनावाच्या संशोधकाने ‘चेकमेट’ नावाची पळवाट जाहीर केली. ए५ ते ए११ चिप, म्हणजे आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतचे फोन तिच्या कचाट्यात आले.

चूक होती बूट रॉममधल्या यूएसबीच्या कोडमध्ये. फोन डीएफयू मोडमध्ये, म्हणजे अगदी तळातल्या दुरुस्तीच्या अवस्थेत असताना केबलवरून येणाऱ्या डेटासाठी मेमरीत जागा राखतो. काम अर्धवट सोडलं की ती जागा परत केली जाते, पण ‘जागा इथे आहे’ ही नोंद पुसायची राहून गेली होती. हॉटेलची खोली सोडली, पण जुनी चावी खिशातच राहिली, तसं. हल्लेखोर नंतर त्याच जागेत हवं ते आणून ठेवू शकतो. आयओएसमध्ये अशी चूक सापडली असती तर अपडेटने विषय संपला असता. रॉममधला कोड पुसून लिहिता येत नाही. ए१२ पासून पुढे ही युक्ती चालत नाही, पण आधीच विकले गेलेले सगळे फोन तसेच राहिले.

यूट्यूबवर काही जण सांगतात की चेकमेटमुळे जुन्या आयफोनचा पासकोड सहज निघतो. तसं नाही. एक म्हणजे फोन हातात हवा, केबल लावायला हवी आणि डीएफयू मोडमध्ये न्यायला हवा. दुसरं, रीस्टार्ट केला की परिणाम जातो, पुन्हा सगळं करावं लागतं. तिसरं आणि मोठं: हा ताबा मुख्य प्रोसेसरचा. सिक्युअर एन्क्लेव्ह असलेल्या फोनमध्ये पिन मोजणारा दुसरा प्रोसेसर आपल्या वेगळ्या रॉममधून उठलेला असतो, त्यामुळे तो त्यात आपोआप सापडत नाही. दोन वेगळ्या साखळ्यांचा उपयोग इथे दिसला.

पुढे आयओएस १४ मध्ये अ‍ॅपलने ए१० आणि त्यापुढच्या चिपसाठी डाव टाकला. फोन डीएफयूमधून सुरू झालेला असेल आणि डेटा उघडायची मागणी आली, तर सिक्युअर एन्क्लेव्ह फोनच बंद पाडेल. रॉम दुरुस्त होत नाही, तर शेजाऱ्याला सावध करा, असा प्रकार. पण २०२० मध्येच पांगू या चिनी संशोधक गटाने जुन्या चिपमधल्या सिक्युअर एन्क्लेव्हच्या रॉममध्येही चूक दाखवली, आणि जेलब्रेकवाल्यांनी ए१० वर ती वापरून हा अडथळा काढला. आयफोन ४एस आणि ५ मध्ये तर सिक्युअर एन्क्लेव्ह नाहीच, त्यामुळे तिथे हा आधारही नव्हता.

अँड्रॉइडवर काय?

तत्त्व तेच. बूटलोडर अनलॉक करता तेव्हा साखळीतली एक कडी तुम्ही स्वतःच सैल करता. म्हणून त्या वेळी डेटा पुसला जातो, आणि पुढे दरवेळी सुरू होताना इशारा दिसतो. पिक्सेलवर तो नारिंगी असतो. अनेक बँकिंग अ‍ॅप अशा फोनवर चालायला नकार देतात.

सॅमसंगमध्ये आणखी कडक. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की चिपमधला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो आणि नॉक्सची नोंद ० ची १ होते. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती १ च राहते आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर पुन्हा मिळत नाहीत.

जुनं सॉफ्टवेअर टाकण्यावरही असंच बंधन येतं. जुन्या आवृत्तीवर कंपनीचीच खरी सही असते, त्यामुळे नुसती सही तपासून भागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ मालिकेला अँड्रॉइड १३ मिळालं तेव्हा नव्या बूटलोडरने आवृत्तीचा आकडा पुढे सरकवला आणि अँड्रॉइड १२ वर परतीचा रस्ता बंद झाला. काही जण वैतागले, पण जुन्या बूटलोडरमधली चूक माहीत असलेल्या चोरासाठीही तोच रस्ता बंद झाला.

जुना फोन घेताना

आयफोन ८, ८ प्लस आणि एक्समध्ये ए११ आहे. त्यांच्यासाठी आयओएस १६ हीच शेवटची मोठी आवृत्ती, आणि चेकमेट तर कायमचाच. स्वस्त मिळाला म्हणून गाणी ऐकायला किंवा मुलांना द्यायला ठीक, पण यूपीआय आणि बँकेसाठी माझं मत विचाराल तर ए१२ किंवा पुढचा घ्या, म्हणजे आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा नंतरचा. घरी जुना असेल तर ४ आकडी पिनऐवजी अक्षरं-आकडे मिसळलेला लांब पासवर्ड लावा.

अँड्रॉइड घेताना दुकानात तुमच्यासमोर फोन बंद करून चालू करायला लावा. सुरुवातीला बूटलोडर अनलॉक असल्याचा इशारा आला तर फोनमध्ये नेमकं कुणी काय टाकलंय, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. सॅमसंग असेल तर डाउनलोड मोडमध्ये नेऊन वॉरंटी व्हॉइड ही ओळ बघा. तिथे ० दिसायला हवा. दुकानदार ‘त्याने काही होत नाही’ म्हणाला, तर सिक्युअर फोल्डर उघडून दाखवायला सांगा.