‘त्याच्यानंतर’ आई

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं सहावं कलम अगदी लहान आहे. मुलाचा नैसर्गिक पालक कोण, हे त्यात सांगितलंय. मूल लग्नातून झालेलं असेल तर आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. मूल अनौरस असेल तर आधी आई, तिच्यानंतर बाप. म्हणजे लग्न केलेली बाई दुसरी आणि न केलेली पहिली. मला ही उलटापालट फार बोलकी वाटते.

त्यात कुमारी मातेचा सन्मान मात्र शोधू नये. जुन्या इंग्लिश कायद्याच्या लेखी लग्नाबाहेरचं मूल ‘कोणाचंच नाही’. त्याला वारसाहक्क नव्हता. पण कोणाच्याच नसलेल्या मुलालाही भूक लागते, आणि खर्च गावाच्या गळ्यात पडतो. म्हणून १५७६च्या कायद्याने बापाकडून पैसे वसूल करायची सोय केली. आपल्याकडे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४८८वं कलम त्याच वळणाचं होतं: मूल औरस असो की अनौरस, बापाने पोटगी द्यायची. १९७३च्या संहितेत त्याचं १२५वं कलम झालं. कायद्याने अशा बापाचा खिसा धरला. मूल सांभाळायचं काम आईकडे राहिलं, आणि पालकत्वही त्या कामामागोमाग तिच्याकडे आलं.

लग्न झालेल्या आईला मात्र भांडावं लागलं. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’चा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. बापाच्या मरणाची वाट बघायची गरज उरली नाही.

२०१५च्या खटल्यातली आई ख्रिश्चन होती. तिचं नाव निकालात नाही. ‘एबीसी’ एवढीच ओळख. मुलाला गुंतवणुकीचा वारसदार नेमायचं, तर बापाचं नाव सांगा किंवा पालकत्वाचा दाखला आणा, असं तिला सांगण्यात आलं. हिंदू कायदा तिला लागू नव्हता, म्हणून १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली ती न्यायालयात गेली. तिथे बापाला नोटीस द्या म्हणाले. बापाचं नाव सांगायला तिने नकार दिला, आणि खालच्या न्यायालयांत ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं: नोटिशीची सक्ती नाही, आणि अशा आईला प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळावा.

मग मूल खरोखर हवं असलेल्या बापाचं काय? त्याची वाट बंद नाही. पालकत्वाचा आदेश कायमचा नसतो. मुलाच्या हितासाठी तो बदलून मागता येतो. फक्त रक्ताचं नातं एवढ्यावर भागत नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव येतं. सहाव्या कलमात मात्र लग्न झालेली आई अजून ‘त्याच्यानंतर’च उभी आहे. न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ बदलला. शब्द बदलणं संसदेच्या हातात आहे.