एका नावातले दोघे

1900 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या जुन्या याद्यांत एक नाव भेटतं: कॉन्स्टंटिन हेन्रिकेझ दे सुबिएरा. रग्बीत सुवर्ण, रस्सीखेचीत रौप्य. या नावाचा एक माणूस मात्र कधी नव्हताच.

हा घोळ कसा झाला असेल? त्या वर्षीच्या स्पर्धा जागतिक प्रदर्शनाला जोडून मे ते ऑक्टोबर अशा लांबल्या. डॅनिएल मेरियों यांच्या देखरेखीखाली निघालेल्या सरकारी अहवालाच्या शीर्षकात 'ऑलिंपिक' हा शब्दसुद्धा नाही. शारीरिक व्यायाम आणि क्रीडा यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, एवढंच. कोणती लढत ऑलिंपिकची, हे पुढच्या पिढ्यांनी ठरवलं. त्यात खेळाडूंची नोंद पुष्कळदा नुसत्या आडनावाने.

रग्बी व्हॅन्सेनच्या सायकल-मैदानावर झाली. 14 ऑक्टोबरला फ्रान्सने जर्मनीला 27-17 असं हरवलं, 28 तारखेला ब्रिटनच्या मोझली वाँडरर्सना 27-8. या फ्रेंच संघात हेन्रिकेझ होता: हैतीचा, पॅरिसमध्ये वैद्यक शिकणारा, कृष्णवर्णी.

रस्सीखेच त्याआधी, जुलैमध्ये. दोनच संघ दोर धरायला उभे राहिले. डेन्मार्क आणि स्वीडनच्या संयुक्त संघाने फ्रान्सला ओढलं. सहा फ्रेंचांपैकी कोलास, गोंदुअँ आणि सारराद हे तिघे ऑक्टोबरच्या रग्बी संघातलेही होते. माझा तर्क असा, की सहांच्या यादीत हेन्रिकेझ हे आडनाव दिसताच वाचणाऱ्याने तोही रग्बीचाच गडी धरला असावा. तीन आहेत, चौथा का नाही?

पण रस्सीखेचीतला गडी होता फ्रान्सिस्को हेन्रिकेझ दे सुबिरिया, मूळचा कोलंबियाचा, पेशाने डॉक्टर. शेपटीचं 'दे सुबिरिया' हे त्याच्या स्पॅनिश जोडआडनावातलं. थोडंसं बिघडून ते हैतीच्या विद्यार्थ्याला चिकटलं. दोघांचं आडनाव एक, शहर एक, वैद्यकही एकच. चुकणाऱ्याला दोष तरी किती द्यावा?

दोघांना वेगळं केल्यावर कॉन्स्टंटिनचं रौप्य जातं. रग्बीतलं अव्वल स्थान राहतं, आणि ऑलिंपिक जिंकलेला पहिला ज्ञात कृष्णवर्णी खेळाडू हा मानही. पुढे तो हैतीला परतला आणि तिथे फुटबॉल रुजवण्यात त्याचा हात होता. यापुढे या दोघांबद्दल लिहाल तेव्हा कॉन्स्टंटिन हेन्रिकेझ एवढंच लिहा. 'दे सुबिरिया' फ्रान्सिस्कोला परत द्या.